सरकारी शाळेतलं मूल आणि इंग्रजी : बडोद्यातल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत जाणारी मराठी घरांतली बरीच मुलं गुजराती माध्यमात शिकतात. घरी मराठी, वर्गात गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि दप्तरात इंग्रजीचं पुस्तक. दांडिया बाजारातल्या एका ओसरीवर अशा मुलांना घेऊन मी रोज संध्याकाळी तासभर बसते. त्यांना न्यायला येणारे आईबाबा, आज्या, मामा जे विचारतात तेच इथे लिहिलं आहे, आणि मी त्यांना जे सांगते तेही.

एवढ्या भाषांमध्ये मूल गोंधळून जाणार नाही का?

नाही. कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे मुलं फार लवकर ओळखतात. आजीशी मराठी, शेजारच्या बेनशी गुजराती, क्रिकेटमध्ये भांडायला हिंदी. मधूनच "आई, मला पेन्सिल जोईए छे" असं येतं, तेव्हा ओरडू नका. जो शब्द आधी हाताशी आला तो त्याने घेतला, इतकंच. तुम्ही सहज म्हणा, "पेन्सिल हवीय? ती बघ, खिडकीत आहे." मूल ऐकतं आणि उचलतं.

खरं ओझं भाषांचं नसून लिप्यांचं आहे. गुजराती अक्षरांना शिरोरेघ नाही, देवनागरीला आहे, आणि इंग्रजीत प्रत्येक अक्षराची लहान आणि मोठी अशी दोन रूपं. त्यामुळे शाळा ज्या लिपीत शिकवते, ती आधी पक्की होऊ द्या. गुजराती वाचता येणाऱ्या मुलाला देवनागरी शिकवायला मला फारसा वेळ लागत नाही. ग, न, म अशी कितीतरी अक्षरं डोक्यावरची रेघ काढली की जवळजवळ तीच राहतात.

घरी आम्ही इंग्रजीत बोलायला लागू का? लोक तसंच सांगतात.

कृपा करून नका लागू. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. एक आई वर्षभर मुलाशी "कम हिअर", "ईट फास्ट", "डोन्ट डू" एवढंच बोलत होती, कारण तिला तेवढंच येत होतं. आधी तिच्याकडून त्याला पानशेतची आठवण, भाकरी का करपली याचं कारण, भावंडांच्या भांडणाचा निवाडा असं सगळं मराठीत ऐकायला मिळायचं. ते थांबलं. इंग्रजी वाढली नाहीच, आणि घरातलं बोलणं आटलं.

मूल इंग्रजीत "बिकॉज" शिकतं तेव्हा "कारण" म्हणजे काय हे त्याला आधी ठाऊक असावं लागतं. "जर पाऊस आला तर" हे त्याला मराठीत नीट सांगता येत असेल, तर "इफ" शिकवायला मला पाच मिनिटं पुरतात. ही समज घरातल्या भरपूर बोलण्यातून येते. म्हणून मराठीत गोष्टी सांगा, हिशेब सांगा, वाद घाला.

आपल्या गावचंच उदाहरण देते. श्री अरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात होते आणि बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवत. मुलांनी इंग्रजीतच वाढावं हा त्यांच्या वडिलांचा आग्रह होता, आणि वयाच्या सातव्या वर्षी त्यांना इंग्लंडला पाठवलं गेलं. इतके मोठे पंडित, पण स्वतःची बंगाली त्यांना इथे येऊन, मोठेपणी, शिकवणी लावून शिकावी लागली.

गुजराती माध्यमात इंग्रजी कितवीपासून असते?

२०२२ पासून पहिलीपासून. पहिली-दुसरीत फक्त ऐकणं आणि बोलणं, मुलांच्या हातात पुस्तक नाही. वाचन-लेखन आणि पाठ्यपुस्तक तिसरीपासून. त्यामुळे दुसरीतल्या मुलाला इंग्रजी लिहिता येत नाही म्हणून काळजी करू नका.

मुलगी इंग्रजीचा धडा घडाघडा वाचते. मग परीक्षेत गुण का पडत नाहीत?

कारण ती बहुधा वाचत नाही, म्हणून दाखवते. पाचवीतल्या एका मुलीने मला अख्खं पान न अडखळता वाचून दाखवलं. मी पुस्तक मिटलं आणि मराठीत विचारलं, "या मुलाच्या घरी कोण आलं होतं?" ती गप्प. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मला फक्त वाचायला येतं." हे वाक्य तिने इतक्या प्रामाणिकपणे म्हटलं की त्या दिवशी पुढे मला काही शिकवता आलं नाही.

तिच्या पुस्तकात प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक गुजराती अक्षरांत उच्चार लिहिलेला होता. म्हणजे ती वाचत होती गुजराती अक्षरं. खालच्या इंग्रजी ओळीवर तिची नजरसुद्धा जात नव्हती. तुमच्या मुलाचं पुस्तक आज उघडून बघा. अशी पेन्सिल दिसली तर रागावू नका, ती त्याने अडचणीतून शोधलेली वाट आहे. फक्त खोडरबर घ्या आणि उच्चाराच्या जागी अर्थ लिहायला लावा, मराठीत किंवा गुजरातीत, आणि तोही अडलेल्या शब्दांपुरताच.

आणि रोज एकच प्रश्न विचारा : "म्हणजे काय?" वाक्य वाचून झालं की "म्हणजे काय?" उत्तर कुठल्याही भाषेत चालेल. तोडकंमोडकं चालेल. उत्तर आलं नाही तर पुढचं वाक्य वाचायचं नाही, चित्र बघायचं, अंदाज करायचा, मागचं वाक्य पुन्हा बघायचं. पान पूर्ण झालं नाही तरी चालेल. शाळेत पोर्शन संपवायची घाई असते, घरी ती घाई नको.

आम्हाला स्वतःलाच इंग्रजी येत नाही. आम्ही काय मदत करणार?

वर सांगितलेला प्रश्न विचारायला इंग्रजी यावी लागत नाही. उलट तुम्हाला येत नाही हे मुलासाठी चांगलंच आहे, कारण त्याला तुम्हाला खरंखुरं समजावून सांगावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची आजी कधी शाळेत गेली नाही. ती भाजी निवडताना त्याला म्हणते, "वाच आणि मला मराठीत सांग काय झालं ते." मध्ये त्याने थाप मारली तर तिला लगेच कळतं, कारण गोष्ट जुळत नाही.

पंधरा मिनिटं रोज. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरं, इंग्रजी तुमच्या घरात आधीच आहे. बस, टेबल, स्टेशन, डॉक्टर, बिल, गॅस, फ्रिज, मोबाईल, तिकीट. नवीन मुलाला पहिल्या दिवशी मी सांगते, घरात आणि रस्त्यावर ऐकलेले इंग्रजी शब्द मोजून ये. मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंतच्या पाट्या वाचत आलं तरी वही भरते. एकाने ट्रकच्या मागचं "हॉर्न ओके प्लीज" लिहून आणलं आणि तिन्ही शब्दांचे अर्थ विचारले. आपल्याला काहीच येत नाही असं समजून आलेलं मूल पन्नास शब्द घेऊन घरी जातं.

स्पेलिंग पाठ करून घ्यायची का?

थोडीच. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, त्यामुळे आपल्या बाराखडीसारखं "जसं लिहिलं तसं वाचलं" तिथे होत नाही. पण म्हणून सगळंच पाठांतर असंही नाही. कॅट, बॅट, मॅट, रॅट एकत्र शिकवा. शेवटच्या दोन अक्षरांचे आवाज तेच, पुढचं अक्षर बदलतं. अशी कुटुंबं केली की मूल न शिकवलेला शब्दही स्वतः वाचतं. तो क्षण बघण्यासारखा असतो. "वॉज", "सेड", "द" यांसारखे नियमात न बसणारे शब्द मात्र पाठच करावे लागतात. दिवसाला दोन, जास्त नको. आणि लहान "बी" आणि "डी" उलटसुलट होणं हे सुरुवातीला बहुतेक मुलांचं होतं.

मुलाला शब्द येतात, पण वाक्य जुळत नाही. "माय निअर पेन इज" असं लिहितो.

त्याने "माझ्याकडे पेन आहे" हे एकेक शब्द ठेवून इंग्रजीत नेलं. त्याच्या चुकीत मराठीचं व्याकरण जसंच्या तसं दिसतं, आणि शिकवायला तिथूनच सुरुवात करता येते. लाल पेनने खोडण्याआधी त्याला दोन्ही भाषा शेजारी ठेवून दाखवा.

आपलं क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते मधे. हे मी चिठ्ठ्यांनी करते. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर तीन शब्द लिहायचे, तीन मुलांच्या हातात द्यायचे : आई, चहा, करते. ती ओळीत उभी राहतात. मग पाठीमागे इंग्रजी लिहिलेलं, चिठ्ठ्या उलटायच्या : मदर, टी, मेक्स. आता "मेक्स"वाल्याने शेवटून पळत येऊन मधे घुसायचं. तो घुसतो, "टी"वाली मागे ढकलली जाते, हसाहशी होते. चार-पाच वाक्यं झाली की मुलं मी सांगायच्या आतच पळायला लागतात. वहीत हाच नियम महिनाभर लिहून घेऊन मला जमलं नव्हतं.

"टेबलावर" मधला "वर" मागे लागतो, इंग्रजीत "ऑन" पुढे येतो. "मला भूक लागली" यात भूक येऊन मला लागते. इंग्रजीत मीच भुकेला असतो, "आय ॲम हंग्री". मुलांना हा फरक गंमतीचा वाटतो. आणि प्रश्न! "तू येतोस का?" यातलं शेवटचं "का" उचलून वाक्याच्या पुढे नेऊन ठेवलं की इंग्रजीतलं "डू" होतं : "डू यू कम?" हे सगळीकडे लागू पडत नाही, पण सुरुवातीला फार उपयोगी आहे.

एक गोष्ट आपल्या मुलांना सोपी जायला हवी. मराठीत तो येतो, ती येते, ते येतात, मी येतो, तू येतोस. एवढी रूपं जे मूल लीलया सांभाळतं त्याला "ही कम्स" मधला एक "स" जड जाऊ नये. त्याला हे सांगितलं की त्याची मान ताठ होते.

उच्चार सुधारण्यासाठी काय करावं?

फार काही नाही. मराठीत ॲ आणि ऑ आहेत, त्यामुळे "बॅट" आणि "बेट", "हॉल" आणि "होल" यांतला फरक आपली मुलं सहज करतात. गुजराती बोलण्यात हे आवाज अनेकदा "ए" आणि "ओ"कडे झुकतात, म्हणून वर्गात "बेंक" ऐकून आलेलं मूल घरी "बँक" म्हणायला बिचकतं. दोन्ही समजतं असं सांगा. "जाड"मधला ज नीट येत असेल तर "झू"चा पहिला आवाज येतोच. इंग्रजीत "व"चे दोन आवाज आहेत, ओठ गोल करून एक आणि वरचे दात खालच्या ओठाला टेकवून दुसरा. तेवढा आरशासमोर करून घ्या.

वर्गात इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाही.

नवी भाषा ऐकणारी मुलं पुष्कळदा काही महिने गप्प असतात आणि आतून गोळा करत असतात. "उभा राहा", "दार लाव", "लाल पेन्सिल दे" असं इंग्रजीत सांगून बघा. तो करतो का? करत असेल तर शिकतोय. सगळ्यांसमोर उभं करून वदवून घेऊ नका, ही विनंती शिक्षकांनाही करा.

मुलगा पाचवीत आहे आणि अजून शब्द वाचता येत नाहीत. शाळेत "मागे पडलाय" म्हणतात. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि त्याचा पुरावा याच शहरात आहे. २००१ ते २००३ या काळात शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने बडोद्याच्या आणि मुंबईच्या महापालिका शाळांत 'बालसखी' हा उपक्रम चालवला. वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या तरुण मुली, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. बडोद्यात तिसरी-चौथीतली मागे राहिलेली १५-२० मुलं त्या रोज दोन तास वेगळी बसवत आणि ज्याला जे येत नाही तिथून सुरू करत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपक्रम मोजून पाहिला. (बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ साली मायकल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) सगळ्यात कच्च्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता. आणि एक महत्त्वाची गोष्ट : ही मुलं बाहेर गेल्यामुळे मूळ वर्गात गर्दी कमी झाली, पण तिथे उरलेल्या मुलांत तसा फरक पडला नाही. नुसती पटसंख्या कमी करून भागलं नाही, मुलाच्या पायरीवर येऊन शिकवणारं कुणीतरी लागलं.

तिथे भाषा आणि गणित शिकवलं होतं, इंग्रजी नव्हे. पण पद्धत तीच लागू पडते. पाचवीचं पुस्तक बाजूला ठेवा. त्याला अक्षरांचे आवाज येतात का, तीन अक्षरी शब्द जुळतात का, छोटं वाक्य कळतं का, हे बघा आणि जिथे अडतो तिथे बसा. लाज वाटू नये म्हणून धाकट्या मुलांसोबत बसवू नका.

वयाचीही फार धास्ती घेऊ नका. सयाजीराव महाराज १८७५ साली नाशिककडच्या कवळाणे गावाहून राजघराण्यात दत्तक म्हणून बडोद्यात आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषा त्यांना त्या वयात सुरू केल्या गेल्या. त्यांना खास शिक्षक होते हे खरं. पण पुढे १९०६ मध्ये त्यांनीच साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं.

त्यापेक्षा इंग्रजी माध्यमातच घालावं का?

घरात इंग्रजी नसेल आणि शाळेतही शिक्षक अडखळत असतील, तर मूल विज्ञान आणि गणितही न समजता पाठ करू लागतं. हे मी फार पाहिलं आहे आणि मला ते फार लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. मराठी घराला गुजराती माध्यम म्हणजे अगदी घरची भाषा नव्हे, पण गल्लीतली, रोजच्या कानावरची भाषा आहे.

पुढे कॉलेजात अडेल ही भीती मात्र खोटी नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवणं इंग्रजीत चालतं, आणि गुजराती माध्यमातून आलेली हुशार मुलं पहिल्या वर्षी खचतात. म्हणून सातवी-आठवीपासून विज्ञानातले इंग्रजी शब्द गुजराती शब्दांच्या शेजारी लिहायची सवय लावा. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' (NEET) ही परीक्षा गुजराती आणि मराठीतही देता येते, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं.

शाळेत काही मागायचं असेल तर कुणाकडे?

आधी वर्गशिक्षकांकडे. एका शाळेत गेलेल्या आईला "तुम्हाला काय कळतं" असं ऐकून परत यावं लागलं होतं. तसं झालं तरी सोडू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. त्या बैठकीला जा. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावं, त्यात गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. कपाटाला कुलूप असेल तर ते आठवड्यातून एकदा उघडावं एवढंच मागा. मागणी छोटी आणि नेमकी असली की ती नाकारणं अवघड जातं.

मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी १९१० पासून आहे. मुलाला एकदा तिथे घेऊन जा, मराठी पुस्तकंही भरपूर आहेत.

मोबाईलचा उपयोग होतो का?

पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडला की धड्याचे व्हिडिओ मिळतात. शेजारी बसून बघा. एकट्याच्या हातात फोन दिला की दोन मिनिटांत दुसरंच काही सुरू होतं.

आमची मुलगी नातवंडांसह न्यू जर्सीला चालली आहे. तिथल्या सरकारी शाळेत इंग्रजी कच्चं असेल तर?

तिथे मदत मिळणं हा मुलाचा हक्क आहे. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषिक मुलांच्या 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भाषा न समजणाऱ्या मुलाला तेच पुस्तक आणि तोच वर्ग देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. प्रवेशाच्या वेळी घरी कुठली भाषा बोलता हे विचारणारा फॉर्म येतो. मराठी लिहिलं तर मूल मागे टाकतील या भीतीने काही पालक इंग्रजी लिहितात. तसं करू नये. खरं लिहावं, मग मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि गरज असेल तर वेगळे शिक्षक मिळतात. इंग्रजी चांगली असेल तर चाचणीत दिसेलच. शाळेने पालकांशी त्यांना समजेल अशा भाषेत बोलायचं असतं, दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे लागत नाहीत. मुलालाच दुभाषा करू नका.

तिकडे खेळण्या-बोलण्यापुरती इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात असं कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं आहे. "आता तर फाडफाड बोलतो, मग इतिहासात का मागे?" याचं उत्तर त्यात आहे. आणि आजीने व्हिडिओ कॉलवर मराठीतच बोलायचं.

मला या मुलांना शिकवायला यायचं आहे. माझी इंग्रजी साधीच आहे. चालेल?

चालेल. आठवड्यातले दोन दिवस, पण ते दोन दिवस चुकवायचे नाहीत. मुलं दारात वाट बघत बसतात. येताना जुनी कॅलेंडरं, जाड स्केचपेन आणि एखादं चित्रांचं पुस्तक घेऊन या. पहिल्या दिवशी काही शिकवू नका. मुलांना विचारा, त्यांनी आज काय खाल्लं, वाटेत काय दिसलं, आणि त्यातले इंग्रजी शब्द त्यांच्यासमोर कागदावर लिहीत जा.